तीन पट लांब, नऊ पट फिकं
एक्स-रे विभागात मावशी अठरा वर्षं स्ट्रेचर ढकलत होत्या. कुठल्या पेशंटला कुशीवर कसं वळवायचं हे त्यांना डोळे मिटून जमे, पण मशीनच्या बटणाला हात लावायची सोय नव्हती. त्यासाठी तंत्रज्ञाची परीक्षा हवी आणि परीक्षेत भौतिकशास्त्राची गणितं. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी फॉर्म भरला, तेव्हा मुख्य तंत्रज्ञ हसले. "मावशी, आता कशाला डोक्याला ताप?"

"ताप काय, उतरतो," मावशी म्हणाल्या.

घरी सून शिकवायला बसली. ती शाळेत विज्ञान शिकवायची; पण सासूवर ओरडणार कशी? वेगाची गणितं मावशींनी चुटकीसरशी सोडवली. स्ट्रेचर, लांब व्हरांडा, घड्याळ, सगळं रोजचंच. गाडी अडली ऊर्जेपाशी. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट का?

बस चालवणारे यजमान भाजी चिरता चिरता म्हणाले, "अगं, दुप्पट वेगात ब्रेक दाबला की गाडी चौपट लांब जाऊन थांबते. हे माझ्या पायाला कधीचं माहीत आहे."

किरणोत्सर्गाने मात्र नाकी नऊ आणले. मशीनपासून एक मीटरवर किरणांची मात्रा छत्तीस, तर तीन मीटरवर किती? मावशींचं उत्तर दर वेळी बारा. शेवटी त्यांनी वही भिरकावली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं हे!"

सुनेने स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि चौकोनी भोक पाडलेला पुठ्ठा बॅटरीपुढे धरला. एका फुटावरून उजेड भिंतीवरच्या एकाच टाइलवर मावला. दोन फुटांवरून चार टाइलांवर पसरला, फिका झाला. तीन फुटांवरून मावशींनी बोट लावून मोजल्या. नऊ!

"म्हणजे तेवढाच उजेड नऊ जणींत वाटला गेला! उत्तर चार, गं, चार!"

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "मशीन चालू असताना मदतनीस लांब का थांबतो?"

"साहेब, अठरा वर्षं मीच थांबलेय," म्हणत मावशींनी छत्तिसाचे चार करून दाखवले.

"आणि आणखी एक मीटर मागे सरकलात तर?"

"सव्वादोन." कागद नाही, पेन नाही.

परीक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

निकाल मुख्य तंत्रज्ञांनीच वाचला. "मावशी, दुसऱ्या आलात! बसा, आज बटण तुमचं."

काचेपलीकडे एक आजोबा छाती पुढे करून उभे होते. "श्वास रोखा, हलू नका," मावशींनी खणखणीत आवाजात सांगितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर बरगडी न् बरगडी स्वच्छ उमटली.