नऊ बोळे

ईडन नदीच्या काठी जॉस बर्केटला लोक गवंडी म्हणत नसत, भिंतवाला म्हणत. लोकांच्या बागा नदीत घसरू नयेत म्हणून त्याने चाळीस वर्षं दगडावर दगड चढवला, आणि त्याच चाळीस वर्षांत केस्टर फॉसेटला नावं ठेवायची एकही संधी सोडली नाही. केस्टरचाही धंदा तोच.

"केस्टर भिंत नाही बांधत, थडगं बांधतो," जॉस पबमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचा. "सिमेंट थापलं की मोकळा. भिंतीला श्वास नको?"

केस्टर आपला पेला उचलून दुसऱ्या टेबलावर जायचा.

श्वास म्हणजे नळ्या. भिंतीच्या पायथ्याशी भाजलेल्या मातीच्या नळ्या ठेवतात, त्यांतून मागच्या भरावात मुरलेलं पाणी नदीकडे झिरपतं. दगडांमधल्या दरजांत चुना भरताना तो नळ्यांत सांडू नये म्हणून त्यांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबायचे आणि काम झालं की काढायचे. जॉसच्या बापाचा दंडक होता की बोळा स्वतःच्या शर्टाचा हवा, आणि घालताना जेवढे मोजले तेवढेच काढतानाही मोजायचे. बायको मेरी गेल्यावर जॉसने तिने शिवलेले निळ्या चौकड्यांचे शर्ट फाडायला काढले होते. घालायचे कुणासाठी?

सप्टेंबर संपता संपता त्याने ॲनिस डॉकरेच्या भिंतीच्या दरजा भरल्या. ॲनिस विधवा, एकटीच राहायची. तिच्या बागेखालची ती भिंत जॉसच्या बापानेच सत्तर वर्षांपूर्वी बांधलेली. नऊ नळ्या, नऊ बोळे. शेवटची दरज भरून झाली त्याच दुपारी डोंगरात पाऊस कोसळला, आणि संध्याकाळपर्यंत नळ्या पाण्याखाली गेल्या.

उद्या उतरेल, जॉस म्हणाला. दुसऱ्या दिवशी उतरली नाही. त्या वर्षी नदी उतरलीच नाही. कमरेएवढ्या गार पाण्यात वाकून चाचपायचं, तर जॉसचा डावा गुडघा आता वाकत नव्हता. केस्टरचे गुडघे शाबूत होते, त्याच्याकडे छातीपर्यंतची रबरी विजारही होती. माझे बोळे तेवढे काढ, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. नोव्हेंबरात जॉस त्याच्या दारापर्यंत गेला.

"काय रे?" केस्टर दार उघडून म्हणाला.

"काही नाही. तुझं कुत्रं भुंकत होतं."

"माझं कुत्रं मागच्या वर्षी मेलं, जॉस."

"मग दुसऱ्या कुणाचं असेल," म्हणून जॉस परत फिरला.

फेब्रुवारीत पूर आला. दोन दिवस पाणी भिंतीच्या माथ्याशी खेळत राहिलं आणि तिसऱ्या सकाळी झपाट्याने ओसरलं. गाव हसत काठावर आलं. जॉस मात्र त्या सकाळी घाबरला. पूर असतो तोवर नदी भिंतीला पुढून टेकू देते. ती गेली की मागची चिंब माती एकटीच ढकलत राहते, हे त्याला बापाने दहाव्या वर्षीच शिकवलं होतं.

तो पोचला तेव्हा ॲनिस बागेच्या कडेला, नवऱ्याच्या बाकाशी उभी होती. केस्टर खाली काठावर होता.

"टिकली बघ!" ॲनिस म्हणाली. "तुझे हात अजून चालतात, म्हाताऱ्या."

"एक थेंबही बाहेर येत नाही," खालून केस्टर म्हणाला. तो भिंतीकडे बघत होता. "नळ्या वाहात नाहीयेत, जॉस. मागचं पाणी गेलं कुठं?"

अजून वेळ होता. बोळे ओढून काढायचा लोखंडी आकडा घरीच होता, केस्टर नळ्यांपासून दहा पावलांवर उभा होता.

"मुरलं असेल जमिनीत," जॉस म्हणाला. "तू वर ये. आणि ॲनिस, तू आत चल, चहा टाक. थंडीने माझी हाडं वाजतायत."

कुणी मरू नये एवढी काळजी त्याने घेतली. तेवढीच घेतली.

ॲनिस कपात दूध ओतत असताना टेबल हादरलं. ती धावत बाहेर आली तेव्हा भिंत नदीत पडली होती. अर्धी बाग तिच्या मागोमाग गेली होती आणि बाकाचा एक हात तेवढा गाळातून वर दिसत होता.

"तुझा काय दोष," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांचं काम. सत्तर वर्षं झाली, आतून पोकळ झाली असेल."

जॉसने मान डोलावली. मेलेल्या बापावर ढकलायला त्याला एवढी एक मान पुरली.

नवी भिंत बांधायला तिने केस्टरला बोलावलं. जॉसच्या गुडघ्यामुळे, असं ती सगळ्यांना सांगत होती. एप्रिलमध्ये नदी तळाशी गेली, आणि केस्टरने पडलेले दगड एकेक करून वेगळे केले. जॉस रोज पुलावरून बघायचा. केस्टर वर बघत नसे.

एका दुपारी ॲनिस जॉसच्या दारात आली. हातात कापडाची घडी होती. धुतलेली, इस्त्री केलेली निळ्या चौकड्यांची चिरगुटं. कडांना चुना अजून चिकटलेला.

"केस्टरने दिली," ती म्हणाली. "शर्ट तुझाच. मेरी हे कापड घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते."

जॉसने घडी घेतली.

"तो म्हणाला, नऊ होती, नऊ निघाली," ॲनिस जाता जाता म्हणाली. "त्याने मोजली."