हसनाबादचं उपटलेलं झाड

आठवीत शाळा सुटली, त्यानंतर आठ नोकऱ्या बदलल्या. सध्या नववी, हैदराबादेत एका शास्त्रज्ञ मॅडमची गाडी चालवतो. जीव पिढीगणिक कसा बदलत जातो, हे बघायचं त्यांचं काम. पस्तीस वर्षं एकच ध्यास, कापूस आणि बोंडअळी. दोन महिन्यांनी त्या रिटायर, मंग मला दहावी नोकरी शोधायची.

एके दिवशी हसनाबादेत कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट करणाऱ्या रहीमचाचांचा फोन आल्ता. सगळ्या प्लॉटला अळी, पण आपोआप उगवलेल्या एका गावरान झाडाचं एकबी बोंड किडकं न्हाई! मॅडम उठून उभ्याच राहिल्या. "चल, तुझ्याच जालना जिल्ह्यात जायचंय."

पहाटे निघालो. जिंतूरनंतर खड्डे, कंबर सांभाळा. मंठ्याला भजी खावा, पण गरम निघाली तरच. जुन्या जालन्यात गाडी गल्लीत घालू नका, मी घातली अन् फसलो. लॉज आठशे, जेवायला दालचा-भात. झकास.

सकाळी हसनाबाद. बियाण्याच्या प्लॉटात बाया एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावून लाल दोरा बांधत होत्या. दोरा बांधला म्हणजे ते बोंड राखायचं.

"झाड कुठंय?" मॅडमनी विचारलं.

मुकादम शांताबाई म्हणाल्या, "ते व्हय? परवाच उपटलं. येगळं दिसलं की भेसळ म्हणून उपटायचं, वीस वर्षं हेच करून राह्यलो."

"अगे शांताबाई, उसीच के वास्ते तो मॅडम आए!" चाचांनी कपाळावर हात मारला.

मॅडम मटकन बांधावर बसल्या. मला वाटलं, आता झापतील. "तुमची नजर बराबर आहे, बाई. राखा म्हणून मीच सांगायला पाहिजे होतं. बोंडं कुठं टाकली?"

"घरी नेली. देवाच्या वाती केल्या."

"आणि सरकी?"

शांताबाईंचा चेहरा उतरला. "शेळीला टाकली."

मंग काय, सगळे पळालो. एवढी मोठी शास्त्रज्ञ, शेळीच्या पाटीत कोपरापर्यंत हात घालून! शेळी बिलकुल हलंना. पाटीच्या बुडाशी सरकीचे सात दाणे मिळाले. मॅडमनी ते तळहातावर धरले. "हजारो पिढ्यांचा प्रवास आहे यात," म्हणाल्या. मला तर सात काळे दाणेच दिसत होते, तरी अंगावर काटा आला.

सहा दाणे हैदराबादला आणले. सातवा मॅडमनी शांताबाईंच्या हातात ठेवला. चाचा म्हणाले, "उपटणारीलाच?" मॅडम म्हणाल्या, "वेगळं काय ते यांनाच आधी दिसतं."

इथं लॅबमध्ये सहातला एकबी दाणा उगवला न्हाई. मॅडमनी टेबल आवरायला घेतलं. त्याच आठवड्यात चाचांनी फोटो पाठवला. शांताबाईंच्या अंगणात दोन पानांचं रोप, शेजारी रोवलेल्या काडीला लाल दोरा.

मॅडमनी फोटो बघितला, चष्मा पुसला. म्हणाल्या, "उद्या पहाटे निघू."

दहावी नोकरी मी अजून शोधली न्हाई.