आमच्या क्लासमधला अणू

केमिस्ट्री शिकवणारी माणसं शांत असतात, असा एक गैरसमज आहे. मी कामोठ्यात एका खासगी क्लासमध्ये नववीला विज्ञान शिकवते आणि रोज कुणावर तरी चिडून घरी येते. चिडण्याचे प्रसंग साठत गेले की त्यांचे आपोआप किस्से होतात. मी सांगते तेव्हा मैत्रिणी पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना पुन्हा तेवढाच राग येतो. पण आता विषय निघालाच आहे, तर ऐका.

*

आमच्या क्लासच्या मालकांना सगळे 'डायरेक्टर सर' म्हणतात. तसं म्हणायला त्यांनीच सांगितलंय. पूर्वी ते फ्लॅट विकायचे, आता ॲडमिशन विकतात. अणूचा धडा सुरू व्हायच्या सुमारास त्यांनी नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला. खाली 'अणुसिद्धांताचे जनक डाल्टन' आणि वर फोटो कुणाचा, तर पांढरे केस पिंजारलेल्या भलत्याच शास्त्रज्ञाचा! डाल्टन जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर जन्मलेला माणूस! मी तावातावानं केबिनमध्ये गेले.

"माहितीये मॅडम," सर म्हणाले. "पण याला बघितलं की पब्लिकला कळतं, सायन्स आहे. तुमच्या डाल्टनला कामोठ्यात कोण ओळखतं?"

डाल्टन स्वतः शाळामास्तर होता. मास्तरांचं नशीब तेव्हापासून काही बदललेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

*

मग खारघरच्या एका मुलाच्या बाबांनी मला जिन्यात गाठलं. मुलगा नववीत, पण बारावीनंतरची एंट्रन्स यांच्या डोक्यात आत्तापासून. त्यांचं म्हणणं असं, की अणू फुटत नाही असं डाल्टन म्हणाला आणि नंतर तो फुटला. मग चुकीची थिअरी कशाला शिकवता, डायरेक्ट लेटेस्ट द्या. मी समजावलं, की तो कुठे चुकला हे शोधतानाच पुढच्यांना वाट सापडली, विज्ञानाचा इतिहास म्हणजे हेच. ते घड्याळ बघत होते. माझं डोकं फिरलं.

"तुम्हाला पहिलीत, तीनातून पाच जात नाहीत, असं शिकवलं होतं ना? तेव्हा बाईंना जाब विचारायला गेला होतात का?"

बाबांनी वर जाऊन तक्रार केली. सरांनी मला बोलावून सांगितलं, की मॅडम, थोडं स्माइल करत जा.

*

द्रव्य अक्षय्यतेचा नियम मी नेहमी करून दाखवते. अभिक्रियेत द्रव्य नव्यानं तयार होत नाही आणि नाहीसंही होत नाही, आधी जेवढं वजन तेवढंच नंतर. जाड प्लास्टिकच्या बाटलीत थोडं व्हिनेगर, वर कागदाच्या पुडीत चिमूटभर सोडा, घट्ट झाकण, आणि बाटली वजनकाट्यावर. बाटली तिरकी केली की आतल्या आत फसफसतं आणि काट्यावरचा आकडा जागचा हलत नाही. मुलं श्वास रोखून बघतात.

यंदा सर रील काढायला आले. त्यांना फेस बाहेर उसळलेला हवा होता, म्हणून त्यांनी झाकण काढायला लावलं. मी सांगितलं की गॅस जाईल. ते म्हणाले, जाऊ दे. फेस झकास उसळला आणि आकडा खाली आला. पहिल्या बाकावर गव्हाणहून येणारी प्राची घरत बसली होती. तिनं हात वर केला. वजन कमी झालं, असं ती म्हणाली.

सरांनी मोबाइलमधून मानसुद्धा वर काढली नाही. "टेन्शन नको घेऊ बेटा. एडिटमध्ये आकडा सेम करून घेऊ."

आणि घेतला! निसर्गाचा नियम आमच्या क्लासनं मोबाइलवर सिद्ध केला. त्या रीलला लाइकही भरपूर आले.

*

इथपर्यंत मी सोसलं. नोट्सचं मात्र सोसवेना.

मराठी माध्यमाच्या बॅचसाठी वेगळ्या नोट्स लिहून घेणं सरांना परवडत नव्हतं म्हणे. त्यांनी कुठूनतरी हिंदी नोट्स मिळवल्या, मोबाइलच्या ॲपमध्ये घालून मराठी केल्या आणि छापल्या. आता गंमत बघा. हिंदीत ॲटमला म्हणतात परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु. मराठी पुस्तकात ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. ॲपनं दोन्ही शब्द तसेच ठेवले. त्यामुळे नोट्समध्ये छापून आलं, 'परमाणू एकत्र येऊन अणू बनतो.' आणि खाली, 'अणूचे विभाजन करता येते.' इंग्रजी माध्यमाच्या मुलांना याचा काही त्रास नाही. भोगायचं मराठीवाल्यांनी.

प्राचीनं त्या नोट्स घोकल्या आणि शाळेच्या परीक्षेत तशाच लिहिल्या. शाळेतल्या बाईंनी पूर्ण उत्तरावर लाल रेघ मारली. प्राचीला पुढे सायन्स घ्यायचंय. पेपर बघून तिचे वडील म्हणू लागले, की सायन्स तुला झेपायचं नाही. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली.

ती माझ्यापुढे पेपर धरून उभी राहिली. एरवी माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलणारी मुलगी, पण रडू आवरताना घरची बोली तोंडात आली.

"मॅडम, आमी चुकलो का नोट्स चुकल्या?"

मी तडक केबिनमध्ये गेले आणि नोट्स मागे घ्या, मुलांना चूक सांगा, म्हणून भांडले. सर म्हणाले, मागे घेतल्या तर क्लासचं नाव जाईल. मी वर्गात फळ्यावर बरोबर शब्द लिहून दिले, तर पोरं गोंधळली. छापलेलं खरं, का मॅडमनी लिहिलेलं?

*

आता शेवटचा. पालकसभा. सर माइकवर, मागे पडद्यावर तीच बाटलीची रील चालू. प्राचीचे वडील नोट्सची प्रत घेऊन उठले. त्यांना तो विषय येत नाही आणि तसं ते सुरुवातीलाच म्हणाले. मग विचारलं, "पुस्तकान येक हाय, ह्येच्यान येक हाय. माजे पोरीनी पेपरान काय लिवाचा?"

"काका, शब्दावर जाऊ नका," सर हसून म्हणाले. "कन्सेप्ट इम्पॉर्टंट. अणू म्हणा, परमाणू म्हणा, मराठीत काय, सगळं चालतं."

प्राचीनं वडिलांच्या हातातून नोट्स घेतल्या. ते पान शोधलं आणि टरकन फाडलं. मग पुढचं. मग अख्ख्या नोट्स. सगळे तुकडे तिनं नीट गोळा करून सरांसमोर टेबलावर ठेवले.

"अगं, एवढ्या नोट्सची वाट लावलीस!" सर माइकवरच ओरडले.

प्राची म्हणाली, "वजन तवराच हाय, सर. एडिट कराला नको."