नळीची जागा

माझी आत्या स्पीकरची खोकी बनवायची. आतला स्पीकर बाहेरून यायचा. ती लाकूड कापायची, सांधे घट्ट बसवायची आणि खोक्याला भोक पाडून त्यात एक नळी बसवायची. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तसंच हे. खोक्यातली हवा नळीतून आतबाहेर होते आणि खालचे, खर्जातले सूर भरून येतात. गल्लीत सगळे तिला खोकेवाली म्हणत. आतोबा तर म्हणायचे, "मला वाटलं होतं ही संसार मांडेल. ही खोकी मांडून बसली."

बरीच वर्षं ती नळी मागच्या बाजूला बसवत आली. पुढून खोकं स्वच्छ दिसायचं आणि नळीतल्या हवेची फसफस ऐकणाऱ्याच्या कानावर येत नसे. कुणाची तक्रार नव्हती.

मग एक दिवस गाणं शिकवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. त्यांचे यजमान डबल बास वाजवायचे, उभं राहून वाजवायचं ते माणसाएवढं तंतुवाद्य. ते गेल्यावर घरी केलेली त्यांची रेकॉर्डिंगं तेवढी मागे उरली होती. ती ऐकायला म्हणून बाईंनी आत्याकडून खोक्यांची जोडी नेली होती.

"ताई, खोकी देखणी आहेत," बाई म्हणाल्या. "पण त्यांत माझा नवरा ओळखू येत नाही."

आत्याने विचारलं, "भिंतीला चिकटवून ठेवलीत का? हातभर पुढे घ्या."

"पुढे घेतली तर मी बसू कुठे? खोलीच तेवढी आहे."

दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. आत्याने हात पुसले, दुकान आतोबांवर सोपवलं आणि ती बाईंबरोबर निघाली.

खोली खरंच चिंचोळी होती. पलंग, कपाट, एक खुर्ची, आणि भिंतीत ठोकलेल्या फळीवर दोन्ही खोकी, पाठ भिंतीला जवळजवळ टेकवून. बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. खालचा कुठलाही सूर आला की नुसतं धुम्म. वेगवेगळे सूर सगळे एकाच गोधडीत गुंडाळल्यासारखे. आत्याने मागच्या फटीत बोटं घातली. नळीतली हवा भिंतीवर आपटत होती.

"एखादा पायमोजा आहे का?" तिने विचारलं.

हिला थंडी वाजतेय असं समजून बाईंनी जोडच आणून दिला. आत्याने एकेका नळीत एकेक मोजा कोंबला. आता सूर सुटे झाले.

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "आता तोच आहे. पण आजारातून उठल्यासारखा."

"म्हणजे नळी हवीच," आत्या म्हणाली. "तिची जागा चुकली. माझीच चूक. मी खोकं माझ्या दुकानात ऐकलं, तुमच्या खोलीत नाही."

दोन्ही खोकी ती परत घेऊन आली. मागची भोकं बुजवली आणि पुढे नवी पाडली. पहिल्यांदा भोक स्पीकरला फार लागून झालं, तर आतला गलका सरळ बाहेर यायला लागला. ती पुढची फळी तिने फेकली आणि नवीन कापली. या वेळी नळी खालच्या कोपऱ्यात घेतली. मग नळीचं आतलं टोक मागच्या फळीला जवळजवळ टेकायला लागलं, हवेला वळायला जागाच नाही. तिने नळीला आतल्या आत कोपरासारखा बाक दिला. शेवटी राहिली फसफस. ती घालवायला नळीच्या कडा तिने हाताने घासून घासून गोल केल्या. आतोबा म्हणाले, "एवढी मऊ कड तर आपल्या पाळण्यालाही नव्हती." आत्या हसली नाही, घासत राहिली.

खोकी पुन्हा त्याच फळीवर, तशीच भिंतीला टेकून बसली. बाई खुर्चीत, आत्या दाराशी उभी. सूर एकामागून एक, पायऱ्या उतरावेत तसे खाली गेले. मध्येच बाईंनी हात वर केला.

"थांबा. ऐका आता... हे बघा. इथे तो चुकायचा. नेहमी इथेच. मी कितीदा टोकलं असेल त्याला."

आत्याला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं. चूक काय झाली, हेही तिला उमगलं नाही. बाईंनी तेवढाच भाग पुन्हा लावला, मग पुन्हा, आणि दर वेळी नवऱ्याला लटकं रागावल्या. आत्या म्हणते, लोकांनी केलेली तारीफ तिने खूप ऐकली, पण त्या बाईंचं ते रागावणं तिला सगळ्यांत जास्त आवडलं.

त्यानंतर आत्याने घर पाहिल्याशिवाय भोक पाडलं नाही. खोकी कुठे ठेवणार, बसणार कुठे, मागे भिंत आहे की मोकळं, हे पाहून मगच करवत हातात घ्यायची. मोठ्या दालनात भिंतीपासून लांब उभी राहणारी खोकी असली, की नळी खुशाल मागेच. एका म्हाताऱ्या जोडप्याचं मांजर पुढच्या भोकात पंजा घालायचं, तर त्यांच्यासाठी तिने नळी तळाला घेतली आणि खोक्याला उंच पाय लावले. "खोकं बघायला सांगितलंय की घर?" असं म्हणून काही गिऱ्हाइकं वैतागून निघूनही गेली. तिने कुणाला थांबवलं नाही.

हल्ली तिचा हात थरथरतो, म्हणून करवत बंद आहे. तरी कुणी सल्ला विचारायला आलं, की ती आधी चपला पायात सरकवते.