लेखी हमी मागणारे आम्ही चौघं

मार्च १९९८, शुक्रवार, दुपारी चार. स्थळ: दुबई, आमचा अल मनखूलचा फ्लॅट. हजर: आम्ही दोघं नवरा-बायको, बँकेतला एक मित्र, ऊद मेथाच्या शाळेतली एक शिक्षिका आणि वसईची एक नर्स. पाचही जण मुंबईत असताना युनियनमध्ये होतो. दुबईत युनियन नाही, म्हणून मराठी मंडळ.

विषय एकच: मंडळाच्या अध्यक्षपदासाठी कुणाला मत द्यायचं.

एक उमेदवार सभ्य होता. सगळं आहे तसंच चालू ठेवणारा. दुसरा ट्रान्सपोर्टवाला. माइक हातात आला की सोडायचा नाही, टाळ्यांसाठी काहीही बोलायचा. पण मंडळात फॅमिली व्हिसावाल्यांनाच, म्हणजे बायकामुलं आणण्याइतका पगार असणाऱ्यांनाच, सभासद करतात, तो नियम काढतो, असं तो एकटाच म्हणत होता.

हा नियम रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यातल्या एका कामगाराला नडत होता. चिपळूणचा, दर वर्षी आमच्या गणपतीचं स्टेज बांधायला यायचा. त्याची आई अंथरुणाला खिळली होती आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मंडळाचं पत्र असलं की वकिलातीतून कंपनीला फोन जायचा, पण पत्र फक्त सभासदांना. मंडळाची सेक्रेटरी मी. तीन वेळा त्याला नाही म्हणाले, तेही नियमावर बोट ठेवून.

ट्रान्सपोर्टवाल्याला आम्ही त्या दुपारी बोलावलं होतं. मी जुन्या सवयीने मसुदा तयार ठेवला होता: कामगारांना सभासदत्व, पासपोर्टसाठी पत्र, खाली सहीची जागा. त्याने तो वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"वहिनी, मुंबई सुटली तुमची. इथे कामगारांच्या नावाने सही केलेला कागद कुणाच्या हाती लागला, तर मी थेट विमानात. तोंडी सांगतो ते करणार. बाकी तुमची मर्जी."

तो गेल्यावर आमचे हे म्हणाले, सही करत नाही म्हणजे दानत नाही. शिक्षिकेला त्याची भाषा खटकत होती. मित्राच्या मते असा माणूस चळवळीला बदनाम करतो. मी मान डोलावली. कुणालाच मत द्यायचं नाही असं ठरलं.

नर्स चप्पल घालता घालता म्हणाली, "मला तरी कुठे आवडतो तो? पण लग्न थोडंच लावायचंय त्याच्याशी. काम करून घ्यायचंय."

तिने त्याला मत दिलं. आम्ही चौघं मतदानाच्या दिवशी घरीच बसलो. तो तीन मतांनी पडला.

नियम तसाच राहिला. कामगाराला पासपोर्ट मिळाला तेव्हा आईचे दिवसही होऊन गेले होते. जाण्यापूर्वी त्याने मला फोन केला. ताई, तुम्ही आमच्या बाजूने मत दिलंत, तुमचे उपकार आहेत, म्हणाला. कुणी सांगितलं होतं त्याला, माहीत नाही. मी नुसतं "सांभाळून जा" म्हटलं.

त्याचा चिपळूणचा पत्ता माझ्या डायरीत आहे. खरं काय ते त्याला कळवायचं आहे. दोनदा पत्र लिहायला बसले, दोन्ही वेळा "सप्रेम नमस्कार"च्या पुढे गेले नाही.