नानांच्या ओळी जोडताना

“तिचा हात बसू दे. मग नानांना सांगून टाकू, आता घरी बसा.”

हे भाऊ वहिनींना म्हणाले, मागच्या ओट्यावर चहा घेताना. मी मोरीत कप विसळत होते. मध्ये फक्त पत्र्याचा दरवाजा. पत्र्यातून शब्द न् शब्द ऐकू येतो, हे त्या घरात जुन्या झालेल्यांच्या लक्षात राहत नाही. माझ्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

मैत्रिणी विचारतात, छापखान्यात कसले आलेत किस्से? किस्से साठतात. छपाईच्या खिळ्यांच्या खणात धूळ साठते तसे. दिसत नाहीत, पण हात घातला की बोटं काळी होतात.

आमचा छापखाना जळगावला. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, संस्थांचे अहवाल. भाऊ म्हणजे माझे थोरले दीर, मालक. आमच्या ह्यांची नोकरी औषधांच्या कंपनीत, महिन्यातले वीस दिवस फिरती. नाना आमचे जुळारी, मूळचे पारोळ्याचे. तीस वर्षं उभ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले. आणि मी धुळ्याहून कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट घेऊन आलेली धाकटी सून. कॉम्प्युटर आणि मी एकाच महिन्यात त्या घरात आलो. हार दोघांनाही घातले. मग त्याला प्लास्टिकचं कव्हर, मला डोक्यावरून पदर.

*

थोरल्या दिरांशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. आणि माझं काम तर त्यांच्याच हाताखाली. कॉम्प्युटरची खोली म्हणजे छापखान्याच्या कोपऱ्यात पडदा लावून केलेली जागा. पडद्याच्या आत मी, बाहेर टेबलाशी भाऊ, मध्ये खिळ्यांच्या लाकडी केसपाशी नाना.

“नाना, तिला सांगा, अहवाल संध्याकाळपर्यंत हवाय.”

नाना पडदा सारून सांगायचे, “पोरी, अहवाल संध्याकाळलगून पाहिजे म्हणतस.”

“हो म्हणावं.”

“हो म्हणस ती,” नाना बाहेर सांगायचे. अंतर चार हात.

एकदा नाना चहाला गेले होते. भाऊ पडद्यापाशी आले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, “पत्रिकेत मुलीच्या मामाचं नाव राहिलंय.” मी कीबोर्डला म्हणाले, “घालते.” पण नाव घातलं नाही. भाऊही हलले नाहीत. नाना आले, त्यांनी निरोप इकडून तिकडे पोचवला, मग मी मामांना पत्रिकेत घेतलं.

*

भाऊंनी सुरुवातीला नानांनाही कॉम्प्युटरवर बसवलं. नानांना कळा आठवड्यात पाठ झाल्या. एवढे सगळे खण ज्यांना न बघता सापडतात, त्यांना त्या पाटीचं काय! अडचण एकच. प्रत्येक ओळ भरली की नाना एंटर दाबायचे.

“नाना, दाबायचं नाही. ओळ आपोआप खाली जाते.”

“आपोआप कशी जाई? ओळ भरनी की बंद करनी पडस.”

त्यांचंही बरोबर होतं. खिळे जुळवताना ओळ हातातल्या स्टिकमध्ये भरायची, मध्ये पट्ट्या घालून घट्ट करायची, अंगठ्याने दाबून पाहायची, मगच पुढची. तीस वर्षं त्यांनी एकही ओळ सैल सोडली नव्हती.

चाळीस पानांचा अहवाल नानांनी असा टाइप केला आणि भाऊंनी पानाची रुंदी बदलायला सांगितली. मी बदलली. स्क्रीनवर एक ओळ भरलेली, खाली दोन शब्दांची, परत भरलेली, परत दोन शब्दांची.

“बठ्ठ्या ओळी तुटी गयात,” नाना म्हणाले.

माउस नव्हता तेव्हा, सगळं बोटांवर. ओळीच्या शेवटी जायचं, एक कळ दाबायची, खालची ओळ वर येऊन चिकटते. मध्ये जागा सोडायची. परत शेवटी जायचं. नाना मागे उभे राहून दुपारभर बघत होते, आपण बंद केलेली एकेक ओळ मी कशी उघडते ते.

“मी करेल काम तुले रोज असं जोडनं पडस का?”

“रोज नाही,” मी म्हणाले. रोजच जोडत होते.

*

एकदा भरदुपारी वीज गेली. मी जपून न ठेवलेली दोन पानं गेली. नाना खिडकीच्या उजेडात एक छोटी पावती खिळ्यांनी जुळवत होते.

“मन्ही ओळ जागावर शे,” ते म्हणाले. हसले नाहीत.

थोड्या वेळाने स्टिक खाली ठेवून दुखवट्याला यावं तसे माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. काळ्या स्क्रीनकडे बघत विचारलं, “किती गयं?”

“दोन पानं.”

“आजारी होतं का?”

वीज आली तेव्हा मी ती पानं भराभर टाइप केली. हात माझा कधीच बसला होता. फक्त पडद्याबाहेर भाऊंच्या चपला वाजल्या की मी एका बोटाने टाइप करायचे.

*

एक चूक मात्र माझीच. मशीनमध्ये मजकुराला खुणा करून तो उचलायचा आणि दुसरीकडे चिकटवायचा, असं असतं. नवीन उचलायला विसरलं, तर आधीचाच चिकटतो. असोद्याच्या एका घरचं दशक्रियेचं कार्ड होतं. खाली मंडळींच्या नावांवर ‘शोकाकुल’ ही ओळ चिकटवायची होती. तिच्या जागी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ही सकाळच्या पत्रिकेतली ओळ चिकटली.

प्रूफ नानांनी वाचलं होतं. नाना उलटे खिळे सरळ वाचतात. सरळ कागदावर त्यांची नजर घसरते. कार्डं छापून झाली.

गेलेल्या माणसाचा मुलगा कार्डं न्यायला आला, बाकावर बसला, एक कार्ड वाचलं. त्याने खिशातून पेन काढलं आणि एकेका कार्डावरची ती ओळ खोडायला लागला. वीसेक खोडल्यावर थांबला. “राहू द्या,” म्हणाला. “घरात गलका असला की बरं वाटायचं त्यांना.”

तो गेल्यावर भाऊ म्हणाले, “नाना, आता डोळेही गेले का?”

“नजर चुकनी,” नाना म्हणाले.

मी पडद्याआड होते. चूक माझी, हे भाऊंना सांगायचं तर नानांनाच सांगावं लागणार होतं, “तिला म्हणायचंय की” असं. आणि नाना ते पोचवणार नव्हते. मी पुढच्या पत्रिकेला लागले.

*

दिवाळीनंतर भाऊंनी खिळे भंगारात काढले. भंगारवाला हातगाडी घेऊन दुपारी येणार होता. सकाळपासून नाना शेवटच्या कामाचे जुळवलेले खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकत होते. क क मध्ये, वेलांट्या वेलांट्यांत.

“नाना, वितळवणार आहेत ते. पोत्यात ओतायचेत नुसते.”

“मोकळं करेल बरं,” नाना म्हणाले, आणि अनुस्वार वेचत राहिले.

भंगारवाल्याने केस उलटी केली तेव्हा नाना रॉकेलने हात धुवायला मागे गेले होते. बराच वेळ धूत होते.

*

त्याच आठवड्यात हे फिरतीवरून आले होते. वहिनी चहा घेऊन छापखान्यात आलेल्या. भाऊंच्या टेबलावर माझं प्रूफ होतं, एकही चूक नसलेलं. भाऊंनी ते दोनदा उलटून पाहिलं आणि म्हणाले, “नाना, तिला विचारा, आता सगळं एकटीला जमतं का.”

नानांनी पडदा सारला. त्यांना काय विचारायला लावलंय, ते त्यांना कळलेलं होतं. त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यांदाच पुस्तकातल्यासारखं बोलले.

“भाऊ विचारत आहेत, एकटीला जमतं का.”

माझ्यापुढे त्यांनी सकाळी टाइप केलेली सोळा पानं होती. शेवटची ओळ मी नुकतीच जोडली होती.

मी उठले, पदर सारखा केला आणि नानांच्या बाजूने पडद्याबाहेर येऊन उभी राहिले. ह्यांनी बशी खाली ठेवली.

“भाऊ,” मी म्हणाले, “मला अजून ओळी जोडता येत नाहीत. नाना जोडून देतात.”