सावंतांची पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्या मैत्रिणीलाही नाही.

गिरण्यांचा संप मोडून बरीच वर्षं झाली होती. परळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी प्रोग्रॅमिंग शिकवायचे — वय तेवीस, आणि स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश. सावंत माझे विद्यार्थी. पन्नाशीचे, मालवणकडचे, गिरणीत वीस वर्षं साचे चालवलेले, म्हणजे कापड विणलेलं. ते पहिल्यांदा वर्गात आले तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. हो, हसले होते.

आणि काय माणूस निघाला! प्रोग्रॅम चुकला की पोरी घाबरायच्या, भराभर काहीतरी बदलायच्या, गुंता आणखी वाढवायच्या. मी ओरडायचे. सावंत लाकडी पट्टी घेऊन शेजारी बसायचे. "रडतंस कित्याक गो? आधी साचो बंद कर. धागो खंय तुटलो तां बघूया."

धागा तुटला की तसंच पुढे विणत जायचं नसतं, एवढंच त्यांचं शास्त्र. छापलेल्या प्रोग्रॅमवर पट्टी ठेवायची, एकेक ओळ खाली सरकवायची, आणि त्या ओळीनंतर कुठला आकडा झाला तो समासात लिहायचा. चूक पट्टीपाशी येऊन सापडायचीच. ज्यांच्यापुढे मी हात टेकले होते, त्या पोरी पास झाल्या. इतक्या मायेनं शिकवताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

मग क्लासच्या सरांनी मला विचारलं — नवख्यांना मदत करायला सावंतांना नोकरीवर ठेवूया का? त्यांना त्या नोकरीची किती गरज होती, मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. मी म्हणाले, "इंग्रजी कच्चं आहे त्यांचं, सर. नाही जमायचं." "आणि ती पट्टीची युक्ती कुणाची?" सरांनी विचारलं. मी म्हणाले, "ती माझी."

जळत होते मी त्यांच्यावर. बाकी काही नाही.

काही वर्षांनी हिंदमाताला साडी घ्यायला गेले, तर समोर सावंत — साड्यांच्या घड्या घालत. मला बघून चेहरा उजळला. मालकाला म्हणाले, "शेठ, या आमच्या बाई. मला कॉम्प्युटर यांनीच शिकवला."

मी मान डोलावली.

आजही पहिल्या तासाला मी मुलांना पट्टी आणायला लावते. सगळे तिला 'बाईंची पट्टी' म्हणतात. मी म्हणू देते.